दहावीच्या बाकावरून सौर पॅनेलपर्यंत: सीमाभागातील मुलींसाठी एक मार्गदर्शक

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील मराठी शाळांत दहावीला विज्ञानात चांगले गुण मिळवणाऱ्या मुली कमी नाहीत. मी अशाच एका शाळेत वीसेक वर्षे विज्ञान शिकवले, आणि प्रयोगवहीतली सर्वांत नेटकी आकृती बहुधा मुलीचीच असते, हे खात्रीने सांगू शकते. मात्र पीयूची, म्हणजे कर्नाटकातल्या अकरावी-बारावीची, दोन वर्षे आणि पुढची तीन-चार वर्षे ओलांडून विजेच्या, यंत्रांच्या किंवा प्रयोगशाळेच्या कामापर्यंत पोहोचलेल्या माझ्या विद्यार्थिनी मोजायला दोन्ही हातांची बोटे पुरतात. माझ्या अनुभवाप्रमाणे गळती दोन ठिकाणी होते. मराठीतून शिकलेले विज्ञान एकाएकी इंग्रजीत समोर येते, ते पहिले ठिकाण, आणि शिक्षण संपत आल्यावर घरात "मुलगी छपरावर चढणार का?" हा प्रश्न निघतो, ते दुसरे. पुढील पायऱ्या ही दोन ठिकाणे डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत. यात 'तुम्ही' म्हणजे आठवी ते बारावीत शिकणारी मुलगी. आईवडिलांनी आणि शिक्षकांनी सोबत वाचावे, ही अपेक्षा आहे.

पहिली पायरी: काम नेमके कोणते, ते आधी पाहा

आपल्या भागाला पाण्याची वीज नवी नाही. गोकाकच्या धबधब्याजवळ १८८७ साली वीजनिर्मिती झाल्याचे सांगितले जाते. घटप्रभेवरच्या हिडकल धरणाच्या पायथ्याशी ३२ मेगावॉटचे जलविद्युत केंद्र आहे. चिकोडी, अथणी, गोकाक या ऊसपट्ट्यात अनेक साखर कारखाने चिपाड जाळून वाफ आणि त्या वाफेवर वीज तयार करतात आणि उरलेली वीज ग्रिडला देतात. सौंदत्तीच्या माळावरून जाताना पवनचक्क्या दिसतात आणि गदगकडे गेल्यास त्यांच्या रांगाच लागतात. तुमकूर जिल्ह्यातील पावगड येथील सौर उद्यान २,०५० मेगावॉटचे असून ते सुमारे १३,००० एकरांवर पसरले आहे. शाळेच्या सहलीत किल्ल्यांबरोबर यांपैकी एखादे ठिकाण घ्यावे, असे मी अनेकदा सुचवले. दोनदा मान्य झाले, आणि त्या दोन्ही वर्षी पीयूला विज्ञान घेणाऱ्या मुली एरवीपेक्षा जास्त निघाल्या. यावरून काही सिद्ध होत नाही, पण मला ते विसरता येत नाही.

अपारंपरिक ऊर्जेच्या, म्हणजे ऊन, वारा, पाणी यांपासून मिळणाऱ्या विजेच्या, या क्षेत्रातले काम अनेक प्रकारचे आहे. जागेची पाहणी करून किती पॅनेल बसतील याचा आराखडा काढणे, उभारणी करणे, जोडणी तपासणे, निर्मितीची आकडेवारी रोज संगणकावर पाहून बिघाड ओळखणे, कर्ज आणि अनुदानाची कागदपत्रे तयार करणे, कारखान्याचे ऊर्जा लेखापरीक्षण करणे, आणि याच्या मुळाशी असलेले संशोधन, ही सगळी वेगवेगळ्या माणसांची कामे आहेत. अपारंपरिक ऊर्जेच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, म्हणजे आयरेनाने, २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत या क्षेत्रातील मनुष्यबळात स्त्रियांचा वाटा जगभरात ३२ टक्के होता, तर तेल आणि वायू उद्योगात तो २२ टक्के होता. म्हणजे हे क्षेत्र स्त्रियांना त्यातल्या त्यात मोकळे आहे, तरीही निम्म्याच्या जवळ पोहोचलेले नाही.

एक स्थानिक बाब इथेच सांगून ठेवते, कारण नोकरी शोधताना ती उपयोगी पडते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेत एक कोटी घरांचे उद्दिष्ट असून ३ किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या घरगुती संचाला ७८,००० रुपयांपर्यंत केंद्राचे अनुदान मिळते. पण कर्नाटकात २०२३ पासून 'गृहज्योती' योजनेखाली घरगुती ग्राहकांना ठरावीक मर्यादेत २०० युनिटपर्यंत वीज मोफत आहे, त्यामुळे लहान घरातला ग्राहक साहजिकच विचारतो की बिलच येत नाही तर पॅनेल कशाला. म्हणून माझ्या मते आपल्याकडे काम अधिक मिळेल ते उद्यमबाग आणि मच्छेच्या कारखान्यांच्या पत्र्यांवर, मंगल कार्यालये, शाळा आणि रुग्णालयांच्या गच्चीवर आणि शेतीपंपांवर. शिवाय बेळगावच्या फाउंड्रीतील इंडक्शन भट्ट्या भरपूर वीज खातात; ती कुठे वाया जाते हे शोधणारी व्यक्ती मालकाला हवीच असते.

दुसरी पायरी: मल्टिमीटर हातात घ्या

ही पायरी आठवीतही चढता येते आणि सर्वांत स्वस्त आहे. दोन-तीनशे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर आणि हजार रुपयांच्या आत मिळणारे १० वॉटचे छोटे सौर पॅनेल शाळेने किंवा तीन-चार घरांनी मिळून घ्यावे. हे पॅनेल '१२ व्होल्टचे' म्हणून विकले जाते, परंतु उन्हात धरून मीटर डीसी व्होल्टवर ठेवला की आकडा २१ च्या आसपास दिसतो. हा फरक का, हा पहिला प्रश्न. बॅटरी भरायची तर पॅनेलचा दाब (व्होल्टेज) बॅटरीपेक्षा जास्त असावा लागतो, आणि जोडणीशिवाय मोजलेला दाब हा नेहमीच कामाच्या दाबापेक्षा वरचा असतो, हे उत्तर पुस्तकात शोधण्याआधी मुलींना दहा मिनिटे भांडू द्यावे.

आता लाल तार मीटरच्या '१० ए' या भोकात घालून करंट मोजा. कडक उन्हात साधारण अर्धा अँपिअर किंवा थोडा जास्त दिसेल. असे थेट मोजणे फक्त या छोट्या पॅनेलवरच करायचे. बॅटरीवर किंवा घरातल्या सॉकेटवर हाच प्रयोग केला तर मीटर जळेल आणि हातही भाजेल, म्हणून पहिल्या दिवशी शिक्षक किंवा जाणती व्यक्ती शेजारी असावी.

मग पॅनेलवरच्या छत्तीस पट्ट्यांपैकी, म्हणजे सेलपैकी, एकच तळहाताने पूर्ण झाका. पॅनेलचा छत्तिसावा भागच झाकला गेला, तेव्हा करंटही तेवढाच कमी होईल, असे सगळ्यांना वाटते. प्रत्यक्षात तो कोसळतो, कारण सगळे सेल एकापाठोपाठ एक, म्हणजे एकसर जोडणीत असतात आणि एक अडला की सगळी वाट अडते. नारळाच्या एका झावळीची सावली किंवा कावळ्याची विष्ठा गच्चीवरच्या मोठ्या संचाला का महागात पडते, हे त्या क्षणी समजते आणि पुन्हा समजावून सांगावे लागत नाही.

तिसरा प्रयोग एप्रिलमधला. पॅनेल तासभर सावलीत ठेवून भर दुपारी उन्हात आणा आणि पहिल्याच मिनिटाला व्होल्ट लिहून घ्या. नंतर वीस मिनिटांनी, पॅनेल चांगले तापल्यावर, पुन्हा लिहा. ऊन तेच, पण आकडा एक-दीड व्होल्टने उतरलेला असेल. सौर सेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. हे एकदा स्वतःच्या वहीत उतरवले की "उन्हाळ्यात सगळ्यात जास्त वीज मिळते" या सर्रास ऐकू येणाऱ्या वाक्याकडे तुम्ही सावधपणे पाहू लागता.

बेळगावचा अक्षांश सुमारे १६ अंश उत्तर आहे, म्हणून इथे पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून साधारण तेवढ्याच कलाने बसवतात. कोनमापकाला दोरा आणि वजन बांधून हा कल मोजता येतो. त्याच वहीत महिनाभर रोज दुपारी बाराचा आकडा लिहा. जांबोटी-कणकुंबीकडच्या मुलीची जुलैतली वही आणि अथणीच्या मुलीची जुलैतली वही शेजारी ठेवली की एकाच जिल्ह्यात आराखडे वेगळे का करावे लागतात, ते दिसते. हवामानाच्या आकड्यांचे महत्त्व ज्यांनी देशाला शिकवले त्यांपैकी एक अण्णा मणी (१९१८–२००१). बेंगळुरूत सी. व्ही. रामन यांच्याकडे संशोधन करूनही एमएस्सीची पदवी नव्हती म्हणून त्यांना पीएचडी मिळाली नाही. पुढे त्यांनी पुण्यात हवामान खात्यात मोजमापाची उपकरणे देशात बनवण्याचे काम केले, भारतभरातील सौर प्रारणाच्या नोंदींचे ग्रंथ १९८० च्या सुमारास सिद्ध केले आणि नंतर वाऱ्याच्या मोजणीचे मोठे काम हाती घेतले. आज पवनचक्की कुठे उभारावी हे ठरवताना ज्या प्रकारच्या नोंदी पाहतात, त्यांचा पाया तिथे आहे.

तिसरी पायरी: मराठीतून इंग्रजीत जाण्याचा पूल स्वतः बांधा

दहावीपर्यंत 'विभवांतर' आणि 'रोध' म्हणणारी मुलगी पीयूच्या पहिल्या आठवड्यात 'पोटेन्शिअल डिफरन्स' आणि 'रेझिस्टन्स' ऐकते आणि आपल्याला काहीच येत नाही, असा समज करून घेते. माझ्या एका विद्यार्थिनीने नंतर हसत सांगितले की, पहिल्या चाचणीत 'स्टेट ओहम्स लॉ' हा प्रश्न पाहून ती 'स्टेट' म्हणजे राज्य समजली आणि कोणत्या राज्याचा नियम विचारला आहे, याचा विचार करत बसली. ओहमचा नियम तिला पाठ होता. त्या चाचणीत तिला २५ पैकी ७ गुण पडले आणि घरच्यांनी कला शाखेची चौकशी सुरू केली. अडले होते ते विज्ञानात नव्हते, प्रश्नाच्या क्रियापदात होते.

म्हणून दहावीच्या परीक्षेनंतरच्या सुट्टीत दोन कामे करावीत. पहिले, शंभर पानी वहीत तीन रकाने आखून विज्ञान आणि गणिताच्या संज्ञा मराठी, इंग्रजी आणि कन्नड अशा लिहाव्यात. कन्नड रकाना का, असे विचारले जाते. त्याचे एक कारण असे की, कन्नडमध्येही 'विभवांतर' आणि 'रोध' हेच शब्द आहेत आणि करंटला 'विद्युत प्रवाह' म्हणतात; संस्कृतातून आलेले हे शब्द दोन्हीकडे सारखे असल्याने कन्नड माध्यमाची मैत्रीण आणि तुम्ही एकमेकींचा अभ्यास घेऊ शकता. दुसरे कारण पुढे नोकरीत कळेल: हेस्कॉम या वीज वितरण कंपनीच्या कार्यालयातले अर्ज, लाइनमनशी बोलणे आणि निम्म्याहून अधिक ग्राहक कन्नडच असतात.

दुसरे काम म्हणजे प्रश्नांतील क्रियापदे ओळखणे. 'स्टेट' म्हणजे नियम लिहा, 'डिफाइन' म्हणजे व्याख्या द्या, 'डिराइव्ह' म्हणजे सूत्र सिद्ध करा, 'डिस्टिंग्विश' म्हणजे फरक लिहा, 'जस्टिफाय' म्हणजे कारण द्या. अशी पंचवीस क्रियापदे भिंतीवर लावली आणि जुन्या प्रश्नपत्रिकांतील प्रश्न मोठ्याने वाचून त्यांचा अर्थ मराठीत सांगण्याचा सराव केला तर पहिल्या सहामाहीची पडझड बरीच थांबते. शिकवणी लावायचीच असेल तर ती या सरावासाठी लावावी; सुट्टीत पीयूचा अख्खा अभ्यासक्रम पळवणाऱ्या वर्गांचा मला फारसा उपयोग दिसलेला नाही.

चौथी पायरी: दहावीनंतरची वाट निवडा

तीन वाटा आहेत. पीयू विज्ञान, त्यात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि चौथा विषय जीवशास्त्र, संगणक किंवा इलेक्ट्रॉनिक्स, ही दोन वर्षांची. पॉलिटेक्निकमधील डिप्लोमा तीन वर्षांचा, त्यात इलेक्ट्रिकल अँड इलेक्ट्रॉनिक्स किंवा मेकॅनिकल. आणि आयटीआय, त्यात इलेक्ट्रिशियन हा दोन वर्षांचा ट्रेड, तर 'सोलर टेक्निशियन' हा एक वर्षाचा.

आपल्याकडे पीयूला मान आहे आणि डिप्लोमाला नाही, हे मला पटत नाही. घरची परिस्थिती बेताची असेल, मुलीच्या हाताला काम आवडत असेल आणि 'अठरा झाली की लग्न' अशी टांगती तलवार असेल, तर डिप्लोमा ही जास्त भरवशाची वाट आहे. एकोणिसाव्या वर्षी हातात पदविका येते, नोकरी करता येते, आणि डीसीईटी परीक्षा देऊन थेट अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळवता येतो. ज्या मुलीला संशोधनात जायचे आहे तिने मात्र पीयूच घ्यावे. पीयूनंतर बीएस्सी आणि एमएस्सी भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्र करून सेल, बॅटरी, हायड्रोजन अशा विषयांकडे जाता येते. किंवा केसीईटी ही कर्नाटकाची प्रवेश परीक्षा देऊन अभियांत्रिकीला जाता येते. केसीईटीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित यांचे प्रत्येकी ६० गुण असतात आणि अभियांत्रिकीच्या क्रमवारीत पीयूचे आणि केसीईटीचे गुण निम्मे-निम्मे धरले जातात. त्यामुळे "बोर्डाकडे दुर्लक्ष करा, फक्त सीईटीचा अभ्यास करा" हा सल्ला चुकीचा आहे. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय बेळगावजवळ मच्छे येथेच आहे आणि शहरात त्याला संलग्न महाविद्यालये अनेक आहेत. घरून ये-जा करून अभियांत्रिकी शिकता येणे ही सीमाभागातील मुलीची मोठी सोय आहे. धारवाडला २०१६ पासून आयआयटी आहे, आणि आयआयटींमध्ये २०१८ पासून मुलींसाठी अतिरिक्त जागा ठेवल्या जात आहेत. साखर कारखान्यातील वीजनिर्मितीकडे ओढ असेल तर गणेशपूर येथील एस. निजलिंगप्पा साखर संस्थेत जाऊन अभ्यासक्रमांची चौकशी करावी.

महाराष्ट्राची वाटही उघडी आहे. तेथील अभियांत्रिकी प्रवेशात सीमाभागातील मराठी मातृभाषेच्या उमेदवारांसाठी 'टाइप ई' असा प्रकार असतो. दहावी किंवा बारावी सीमाभागातील मान्यताप्राप्त संस्थेतून झालेली असावी लागते, आणि महाराष्ट्र सरकार ज्या ८६५ गावांवर दावा सांगते त्यांतील रहिवास व मराठी मातृभाषा यांची प्रमाणपत्रे ठरावीक नमुन्यात द्यावी लागतात. दोन्ही राज्यांच्या परीक्षांचे अर्ज भरून ठेवणे शहाणपणाचे. मात्र वसतिगृह, खाणावळ आणि प्रवास यांचा खर्च कागदावर मांडल्याशिवाय कोल्हापूर की बेळगाव हे ठरवू नये.

पाचवी पायरी: कागदपत्रे एक वर्ष आधी जमवा

गुण असूनही प्रवेश हुकलेल्या मुली मी पाहिल्या आहेत आणि दर वेळी कारण एखादा कागदच होता. सर्वांत जास्त घोळ नावाचा. आधार कार्डावर वडिलांचे नाव पूर्ण आणि आडनाव शेवटी, दहावीच्या गुणपत्रिकेवर फक्त आद्याक्षर, बँकेच्या पासबुकात आडनाव आधी, आणि कन्नडमधून इंग्रजीत जाताना एखादे अक्षर वेगळेच, असे सीमाभागात सर्रास होते. शिष्यवृत्तीची संगणक यंत्रणा हे सगळे एकाच मुलीचे आहे, असे मानत नाही. म्हणून नववीतच, दहावीच्या नोंदणीआधी, शाळेच्या रजिस्टरमधले नाव आणि आधारवरचे नाव अक्षर न् अक्षर जुळवून घ्यावे आणि मुलीच्या स्वतःच्या नावाचे आधारशी जोडलेले बँक खाते उघडावे.

जात आणि उत्पन्नाचे दाखले नाडकचेरीतून, म्हणजे स्थानिक महसूल कार्यालयातून, मिळतात. त्यांवर आरडी क्रमांक असतो आणि प्रवेशाच्या अर्जात तोच भरायचा असतो. क्रमांक नसलेला जुना दाखला चालत नाही. कर्नाटकातील आरक्षणाचे प्रवर्ग महाराष्ट्रापेक्षा वेगळे आहेत. उदाहरणार्थ, मराठा समाज येथे ३ब प्रवर्गात येतो. त्यामुळे कोल्हापूरच्या मामाने सांगितलेला प्रवर्ग इथल्या अर्जात लिहू नये. पहिली ते दहावी कर्नाटकातील ग्रामीण शाळेत झाली असेल तर केसीईटीमध्ये ग्रामीण कोट्याचा लाभ मिळू शकतो; त्यासाठीच्या अभ्यास-प्रमाणपत्रावर गटशिक्षणाधिकाऱ्यांची, म्हणजे बीईओंची, प्रतिस्वाक्षरी लागते. दोन शाळांत शिक्षण झाले असल्यास दोन्हींची प्रमाणपत्रे आणावी लागतात, आणि मे महिन्यात शाळांना सुट्टी असते, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. बीदर, भालकीकडच्या मुलींना याशिवाय कल्याण कर्नाटकासाठी राज्यघटनेच्या ३७१(जे) कलमाखालील आरक्षण आहे. बेळगाव जिल्ह्याला ते लागू नाही.

सहावी पायरी: पैशाची जुळणी

केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेच्या, म्हणजे एआयसीटीईच्या, 'प्रगती' शिष्यवृत्तीत तांत्रिक डिप्लोमा किंवा पदवीच्या प्रथम वर्षाच्या, अथवा थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेतलेल्या, मुलींना वर्षाला ५०,००० रुपये मिळतात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असावे लागते आणि एका कुटुंबातील दोन मुलींपर्यंत ती मिळू शकते. मूलभूत विज्ञानात बीएस्सी करणाऱ्या आणि बोर्डात वरच्या एक टक्क्यात आलेल्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची 'इन्स्पायर' शिष्यवृत्ती वर्षाला ८०,००० रुपयांची आहे. अभियांत्रिकीला ती नाही. राज्याच्या शिष्यवृत्त्या एसएसपी पोर्टलवर एकाच अर्जात येतात. प्रवासाचे म्हणाल तर ११ जून २०२३ पासून 'शक्ती' योजनेमुळे कर्नाटकातील रहिवासी स्त्रियांना सरकारी साध्या बसमधून आधार दाखवून शून्य भाड्याचे तिकीट मिळते. खानापूर-बेळगाव किंवा निपाणी-बेळगाव रोजच्या ये-जा करण्याचा खर्च वाचल्यामुळे डिप्लोमा पुरा करू शकलेल्या मुली मला माहीत आहेत.

ज्यांचे शिक्षण थांबले आहे त्यांच्यासाठी केंद्राच्या नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाचा 'सूर्यमित्र' हा कौशल्य अभ्यासक्रम आहे. सुमारे तीन महिन्यांचे हे निवासी प्रशिक्षण विनाशुल्क असते आणि आयटीआय किंवा डिप्लोमा झालेल्यांना त्यात प्राधान्य मिळते.

सातवी पायरी: छपरावरचे काम समजून घ्या, मग हो किंवा नाही म्हणा

३ किलोवॉटच्या संचाला साधारण ३०० चौरस फूट जागा लागते, ५४० वॉटची सहा पॅनेल बसतात आणि स्वच्छ उन्हाच्या दिवशी सुमारे १२ युनिट वीज मिळते. एका पॅनेलचे वजन २५ ते ३० किलोच्या दरम्यान असते. "मुलींना हे उचलेल का" असे विचारणाऱ्यांनी हे जाणून घ्यावे की, एवढे मोठे पॅनेल वाऱ्यात एकट्या पुरुषानेही उचलायचे नसते; ते दोघांनीच धरायचे, असा नियम आहे.

खरा धोका वजनाचा नाही. पॅनेलवर ऊन पडत असेपर्यंत त्याची वीज बंद करता येत नाही, कारण सूर्याला बटण नसते. सहा पॅनेल एकसर जोडली की सुमारे ३०० व्होल्टचा डीसी दाब तयार होतो, आणि डीसीची ठिणगी एसीसारखी पटकन विझत नाही. म्हणून चालू भारावर कनेक्टर ओढायचा नाही, आधी इन्व्हर्टरकडचा डीसी आयसोलेटर (वीज तोडणारा खटका) बंद करायचा, रबरी हातमोजे घालायचे, आणि कडेपासून काम करताना पट्टा अडकवलेला असायचा. ओढणी, बांगड्या आणि सैल केस छपरावर नकोत. पूर्ण बाह्यांचा शर्ट, पँट आणि बूट हवेत. मंगळुरी कौलांवर थेट पाय देऊ नये, हे खानापूरच्या मुलीला सांगावे लागत नाही, पण शहरातल्या इंजिनिअरला सांगावे लागते.

मुलाखतीला जाल तेव्हा पगाराइतकेच हे प्रश्नही विचारा: तुमच्या मापाचे हेल्मेट आणि पट्टा मिळेल का, साइटवर स्वच्छतागृहाची सोय काय, संध्याकाळी परत कोण सोडणार, पीएफ आणि ईएसआय आहे का, आणि दहा किंवा अधिक कर्मचारी असल्यास २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती नेमली आहे का. माझ्या एका विद्यार्थिनीला इलेक्ट्रिकल डिप्लोमा असूनही एका ठिकाणी "तुम्ही फोन उचलायला बसा" असे सांगण्यात आले. तिने नकार दिला आणि चार महिने घरी बसली. नंतर दुसरीकडे पाहणी आणि आराखड्याचे काम मिळाले. ते चार महिने तिच्या घरी फार जड गेले, हे लपवण्यात अर्थ नाही. त्या काळात तिने वायरमन परमिटचा अर्ज केला. कर्नाटकात ते परमिट विद्युत निरीक्षणालय देते, आणि ते हातात असले की "तुम्हाला जमेल का" हा प्रश्न निम्म्याने कमी होतो.

आठवी पायरी: घरच्यांना वाद घालून नव्हे, दाखवून पटवा

एकेकाळी ही अडवणूक संस्थांच्या दारातच होत असे. १९३३ साली कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, यांना बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला गेला. त्यांनी तिथेच ठाण मांडले, तेव्हा एका वर्षाच्या परीक्षेच्या अटीवर त्यांना घेण्यात आले. १९३९ साली त्यांनी केंब्रिजची पीएचडी मिळवली. ए. ललिता अठराव्या वर्षी विधवा झाल्या, पदरी तान्ही मुलगी होती, आणि तरी १९४३ साली मद्रासच्या गिंडी महाविद्यालयातून त्या विद्युत अभियंता झाल्या. त्यांच्या मागे वडील उभे होते. आज संस्थेचे दार उघडे असते आणि अडसर घरात असतो, म्हणून ललितांची गोष्ट मला वडिलांना सांगायला जास्त उपयोगी वाटते.

तरी गोष्टीपेक्षा भेट बरी. जवळपास एखाद्या गच्चीवर संच बसत असेल तर मालकाची आणि ठेकेदाराची परवानगी घेऊन आईला, वडिलांना आणि शक्य असल्यास आजीला अर्धा तास तिथे न्यावे. मी एकदा जांबोटीकडच्या एका मुलीला आणि तिच्या आईला असे नेले होते. आई जिन्यातच थांबेल, असे वाटले होते; ती वर आली, पॅनेलखालचा सांगाडा हाताने हलवून पाहिला आणि तिथल्या तंत्रज्ञाला विचारले, "आमच्याकडं पाऊस चार-चार दिवस थांबत नाही, वाऱ्यानं पत्रे उडतात. हे कशावर धरून राहतं?" त्याने पायाचे बोल्ट, काँक्रीटचे ठोकळे आणि वारा खालून उचलतो तेव्हा लागणारे बळ समजावले. पावसाळ्यात वीज किती कमी होते, हे तिने विचारले, आणि मुलीने स्वतःच्या वहीतला जुलैचा आकडा काढून दाखवला. खाली उतरताना आईने मला एवढेच विचारले की डिप्लोमाचा अर्ज कधी सुटतो.

म्हणून ही भेट जानेवारी-फेब्रुवारीतच उरकावी. मार्चमध्ये दहावीची परीक्षा असते, एप्रिल-मेमध्ये निकाल आणि अर्जांची धांदल, आणि त्या गर्दीत नाडकचेरीच्या रांगेत उभे राहून घरच्यांची समजूत काढणे कोणालाच जमत नाही.